‘ताई, वडिलांची आठवण आहे, पैशाकडे बघू नका’

वारशाने आलेली जुनी गाडी पहिल्यांदाच गॅरेजला नेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझी गाडी फियाट ११००. वडील गेल्यावर ती बराच काळ झाकून उभी होती. गाडी मला उत्तम चालवता येते, पण बॉनेटखालचा सगळा कारभार वडिलांचा. असा मालक भामट्या गॅरेजवाल्याला फार सोयीचा पडतो. असा मालक गाडी विकणार नाही, भंगारात काढणार नाही, आणि खर्चाची घासाघीस करायला त्याची जीभ उचलत नाही. शीर्षकातलं वाक्य मला पहिल्याच भेटीत ऐकवलं गेलं. पुढे खर्चाचा विषय निघाला की प्रत्येक वेळी तेच वाक्य यायचं.

तक्रार अशी होती. थंड असताना गाडी सुरेख चालायची. इंजिन चांगलं तापलं की आधी मिसिंग (इंजिन अडखळणं), मग सायलेन्सरमधून फटाका, आणि मग भर रस्त्यात बंद. थोडा वेळ उभी ठेवली की काही झालंच नाही अशा थाटात परत चालू. ज्याला फसवायचं आहे त्याला याहून चांगली तक्रार मिळणार नाही, कारण गॅरेजमध्ये गाडी थंडच असते. काहीतरी बदलायचं, मालकाला शेजारी बसवून छोटीशी फेरी मारायची, ‘बघा, मक्खन!’ म्हणायचं आणि बिल हातात द्यायचं. माझे आधी प्लग बदलले, मग कॉईल (ठिणगीसाठी वीज चढवणारी), मग एसी पंप (टाकीतलं पेट्रोल ओढणारा), मग कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा). दरवेळी गाडी ‘दुरुस्त’ होऊन घरी यायची आणि मोठ्या पल्ल्याला निघालं की बंद पडायची.

शेवटी गॅरेजवाल्याने सकाळी गाडी चालू करून मला मागे उभं केलं आणि सायलेन्सरमधून निघालेला निळसर धूर दाखवला. ‘रिंगा गेल्यात ताई. इंजिन बांधायलाच लागेल.’ (रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, इंजिन बांधणं म्हणजे ते उघडून आतले झिजलेले भाग बदलणं.) वाक्य खरं वाटावं असंच होतं, कारण निळा धूर म्हणजे तेल जळतंय हे बरोबरच आहे. पण तेल कुठून येतंय, हा पुढचा प्रश्न त्याने येऊच दिला नाही. गाडी उभी असताना व्हॉल्व्हच्या गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी) तेल हळूहळू खाली झिरपतं, सकाळी चालू केल्यावर भसकन धूर येतो आणि थोड्या वेळात थांबतो. माझ्या गाडीत नेमकं हेच होत होतं. रिंगा खरंच गेल्या असतील तर चढावर, लोड आल्यावर धूर येतच राहतो, पोटातलं तेल भराभर कमी होतं, गाडीत दम राहत नाही.

आणि हे डोळ्यांनी ठरवायची गरजच नसते. कॉम्प्रेशन गेज नावाचं साधं यंत्र असतं. इंजिन गरम करायचं, कॉईलची वायर काढून ठेवायची, चारही प्लग काढायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरवर इंजिन फिरवायचं आणि प्रत्येक सिलिंडरचं प्रेशर लिहून घ्यायचं. एखाद्यात कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा बघायचं. प्रेशर चढलं तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीचा. जागचं हललं नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं पॅकिंग). याला फारसा वेळ लागत नाही. जो माणूस हे न करता ‘इंजिन उतरवू’ म्हणतो, त्याच्याकडून गाडी तशीच परत आणा. टो करून आणावी लागली तरी आणा.

तर ‘इंजिन काम’ झालं. गाडी बरेच दिवस त्याच्याकडे होती. परत मिळाली तेव्हा इंजिन चंदेरी रंगाने झगमगत होतं. एका ट्रेमध्ये जुन्या रिंगा आणि ओरखडे पडलेला एक पिस्टन मांडून ठेवला होता. पिस्टन फडक्यात गुंडाळून त्याने मला दिला. ‘तुमच्याच गाडीचा आहे, बाबांची आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवा.’ त्या पिस्टननेच पुढे त्याचं बिंग फोडलं.

पहिल्याच लांबच्या फेरीत गाडी तापली आणि बंद पडली. फोन केला तर उत्तर तयार: ‘नवीन बांधलेलं इंजिन टाइट असतं, चालवून चालवून मोकळं होईल.’ पण खरोखर बांधलेल्या इंजिनाला सुरुवातीचे काही शे किलोमीटर सावकाश चालवायचं, मग तेल बदलायचं, हेडचे नट पुन्हा कसायचे, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावायचे असतात. यातलं एक अक्षर त्याने मला सांगितलं नव्हतं.

ओळखीतून एक निवृत्त फिटर मिळाले. त्यांनी गाडी बघायच्या आधीच बजावलं, ‘बंद पडली की थंड होऊ देऊ नका. तिथूनच फोन करा, मी येतो.’ आले, आणि इंजिनाला हात लावला तर चटका बसेल अशा अवस्थेत तपासायला लागले. कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप काढून एसी पंपाचा हाताचा दांडा मारला, पेट्रोल पिचकारीसारखं आलं. म्हणजे पाइपात वाफ अडकलेली नाही, पंपही ठीक. पाइप परत बसवला, सांडलेलं पेट्रोल पुसून वाळू दिलं. मग एक प्लग काढून वायरसकट इंजिनाला टेकवला आणि मला स्टार्टर मारायला सांगितला. ठिणगी होती, पण पिवळट, मरतुकडी, मध्येच दांडी मारणारी. डिस्ट्रिब्यूटरची (प्लगांना वीज वाटणारा भाग) टोपी काढली. पॉइंट (कॉईलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे दोन संपर्क) करपलेले, एकावर खड्डा आणि समोरच्यावर त्याच मापाचा उंचवटा. ‘कंडेन्सर,’ एवढंच म्हणाले. करंगळीच्या पेराएवढा तो भाग. पॉइंट उघडतात तेव्हा तिथे ठिणगी न उडता कॉईलमधला प्रवाह झटक्यात तुटावा, हे त्याचं काम. आतून खराब झालेला कंडेन्सर थंड असताना निभावून नेतो आणि तापला की हात वर करतो. त्यांनी स्वतःकडचा जुना पण चांगला कंडेन्सर लावला, पॉइंट घासून गॅप लावला. ठिणगी निळी, टक्क आवाज करणारी. गाडी तशीच तापलेली चालू झाली आणि तेव्हापासून त्या कारणाने बंद पडलेली नाही. (नव्या कंडेन्सरवर त्यांचा विश्वास नाही. हल्लीचे बरेचसे लवकरच जातात म्हणतात. चालू स्थितीतला जुना मिळाला तर डिकीत ठेवून द्या.)

मग मी त्यांना झालेलं इंजिन काम सांगितलं. त्यांनी हेडच्या नटांवर टॉर्च मारला. चंदेरी रंग नट आणि वॉशरवरून सलग गेलेला, आणि रंगाच्या खाली जुन्या तेलाचा थर तसाच. प्लगच्या भोकातून मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा आत सोडला. पिस्टनच्या माथ्यावर काजळीची जाड खपली, बोअरच्या भिंती गुळगुळीत काचेसारख्या. नव्याने बोअर मारून होनिंग (भिंतींना बारीक घासणी) केलं असतं तर भिंतींवर तिरक्या रेघांची जाळी दिसली असती. कॉम्प्रेशन घेतलं, चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास. इंजिन उघडलंच नव्हतं, आणि उघडायची गरजही नव्हती.

राहिला तो पिस्टन. फियाट ११०० च्या १०८९ सीसी इंजिनाच्या बोअरचा व्यास ६८ मिलिमीटर. ओव्हरसाइज पिस्टन टाकला तरी माप फार तर मिलिमीटरभराने वाढेल. फिटरकाकांनी व्हर्नियर लावला तर माप ७३ च्या घरात. मॉरिस ऑक्सफर्डसारख्या गाड्यांत येणाऱ्या बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या १४८९ सीसी इंजिनाचा बोअर ७३ च्या किंचित वर असतो. माझ्या ‘बाबांची आठवण’ दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीतून निघालेली होती. तोच पिस्टन आधी किती जणांना दाखवून झाला असेल कोण जाणे. कंडेन्सर तपासायचं त्याला सुचलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. एवढ्याशा भागाचं बिल किती लावणार?

गाडीवरचा मूळ कार्ब्युरेटरही गेला तो गेलाच. ‘खराब होता, टाकून दिला’ म्हणाला. जागेवर हलकी नक्कल बसवली आहे, जिच्यावर थंडीत गाडी रुसते. जुन्या गाड्यांच्या मूळ भागांना चांगली मागणी असते, त्यामुळे टाकून दिला यावर कोण विश्वास ठेवणार? गाडी देण्याआधी इंजिन नंबर, कार्ब्युरेटर, डायनॅमो, स्टार्टर यांचे जवळून फोटो काढा, त्यांच्यावरचे आकडे दिसतील असे. बदललेला प्रत्येक भाग परत हवा, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्या. परत मिळालेला भाग आपल्याच गाडीचा आहे का, हे त्याच दिवशी माप घेऊन बघा.

पैसे परत मागायला गेले तेव्हा त्याने बिलच पुढे केलं. त्यावर एकच ओळ: ‘इंजिन फुल काम’. रिंग, पिस्टन, बोअरिंग, गॅस्केट, कशाचाच उल्लेख नाही. आणि बिल वडिलांच्या नावाने, कारण गाडी तेव्हा कागदोपत्री त्यांचीच होती. ‘ज्यांचं बिल आहे त्यांना पाठवा,’ असं तो मला तोंडावर म्हणाला. गाडी आधी स्वतःच्या नावावर करून घ्या, मगच गॅरेजचं तोंड बघा. बिल एकेका भागाचं वेगळं आणि तुमच्या नावाचं असेल तरच पैसे सोडा.