ॲरिझोनाचा सेक्रेटरी ऑफ स्टेट: उमेदवार कशावर तोलायचा?

महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयुक्त राज्यपाल नेमतात. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात मात्र निवडणुकांवर देखरेख ठेवणारा अधिकारी, म्हणजे सेक्रेटरी ऑफ स्टेट, पक्षाच्या तिकिटावर चार वर्षांसाठी निवडून येतो. फिनिक्स, चँडलरकडच्या मराठी मतदारांनी म्हणूनच मतपत्रिकेवरची ही ओळ रिकामी सोडू नये. निवड कशी करावी हे २०२२ च्या लढतीवरून नीट कळतं: डेमोक्रॅट एड्रियन फॉन्टेस विरुद्ध रिपब्लिकन मार्क फिंचेम.

आधी पदाची ताकद बघा. मतदान केंद्रं आणि मोजणी राज्यातल्या १५ काउंट्या (जिल्हे) सांभाळतात. सेक्रेटरी मतयंत्रं मंजूर करतो, विषम वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत निवडणुकीची नियमपुस्तिका काढतो (तिला गव्हर्नर आणि ॲटर्नी जनरलची मंजुरी लागते) आणि राज्याचा निकाल प्रमाणित करतो. टपाली मतदान बंद करणं त्याच्या हातात नाही; तिथे कायदाच बदलावा लागतो.

फॉन्टेस यांनी मॅरिकोपा काउंटीचे रेकॉर्डर (काउंटीतलं निवडणुकीचं काम पाहणारे अधिकारी) म्हणून प्रत्यक्ष निवडणुका घेतल्या होत्या, आणि त्यात चुकाही झाल्या. ऑगस्ट २०१८ च्या प्राथमिक फेरीत (पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) ६२ केंद्रं सकाळी ६ ला उघडली नाहीत, कारण मतदारांची नोंद घेणारी यंत्रं वेळेत जोडून झाली नव्हती. मार्च २०२० मध्ये त्यांनी मागणी नसताना मतदारांना टपालाने मतपत्रिका पाठवायचं ठरवलं, तेव्हा न्यायालयाने थांबवलं.

फिंचेम २०१५ पासून राज्याच्या प्रतिनिधिगृहात होते. २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा तीन काउंट्यांचा निकाल रद्द ठरवावा, असा ठराव त्यांनी २०२२ मध्ये मांडला. यंत्रं बंद करून हाताने मोजावं म्हणून गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन उमेदवार कॅरी लेक यांच्यासह खटलाही भरला. ऑगस्टमध्ये तो फेटाळला गेला.

हाताने मोजणीची मागणी ऐकायला सरळ वाटते, पण आकडे पाहा. मॅरिकोपाच्या २०२० च्या सुमारे २१ लाख मतपत्रिका २०२१ मध्ये हाताने मोजल्या, त्याही फक्त दोन लढतींसाठी. एप्रिलअखेर काम सुरू झालं, अहवाल सप्टेंबरअखेर आला आणि बायडन यांची आघाडी ३६० ने वाढली. नेहमीच्या मतपत्रिकेवर डझनावारी लढती असतात. मोहावी काउंटीने २०२३ मध्ये चाचणी घेतली: ८५० मतपत्रिकांना तीन दिवस लागले, ४६ चुका निघाल्या. दमलेली माणसं खुणा चुकतात. शिवाय ॲरिझोनात मतदान आधीच कागदावर होतं आणि नमुना म्हणून काही मतपत्रिका हाताने तपासायची तरतूदही आहे. पक्षांनी माणसं पुरवली नाहीत तर ती तपासणी होतच नाही. ज्यांना खरोखर शंका आहे, त्यांनी आपल्या पक्षाकडून तिथे नाव द्यावं.

आमचं मत स्पष्ट आहे. केंद्र उशिरा उघडण्याची चूक पुढच्या वेळी सुधारते. निकाल पटला नाही म्हणून सही अडवणारा माणूस या खुर्चीत बसला, तर मतदाराकडे न्यायालयच उरतं. कोचीस काउंटीने नोव्हेंबर २०२२ मध्ये मुदतीत प्रमाणित करायचं टाळलं, तेव्हा सेक्रेटरी केटी हॉब्स न्यायालयात गेल्या आणि आदेशानंतर १ डिसेंबरला काम झालं. (त्याच वेळी हॉब्स स्वतः गव्हर्नरपदाच्या उमेदवार होत्या, निवडून येणाऱ्या पदातला हा दोष दोन्ही पक्षांना लागू आहे.) फॉन्टेस सुमारे १ लाख २० हजार मतांनी जिंकले.

या पदाचं आणखी एक वजन: गव्हर्नरची खुर्ची मध्येच रिकामी झाली की सेक्रेटरीच गव्हर्नर होत आला: १९८८ मध्ये रोझ मॉफर्ड, १९९७ मध्ये जेन हल, २००९ मध्ये जॅन ब्रुअर. राज्यघटनेच्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार, २०२६ च्या निवडणुकीनंतर ही जागा लेफ्टनंट गव्हर्नरकडे जाते.