शाळेची बस: सीएनजी की बॅटरी?

सीएनजी बस घेताना पैसे कमी लागतात आणि मेकॅनिकही ओळखीचा मिळतो. पण आधी पंप किती लांब आहे ते बघा. गॅस भरायला रोज वीस किलोमीटर वाकडी वाट करावी लागली, तर स्वस्ताई तिथेच संपते. टाकीत गॅस साधारण २०० बार दाबाने असतो आणि तिची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली टाकीची तपासणी) दर तीन वर्षांनी करावीच लागते. खाऱ्या हवेत आधी गंजतात ते टाकीचे पट्टे नि ब्रॅकेट. पावसाळा संपला की ते उघडून तपासा.

बॅटरी बसला शाळेचं वेळापत्रक मानवतं. दिवसाला ८० किलोमीटर आणि किलोमीटरला एक युनिट धरलं, तरी १५ किलोवॅटच्या चार्जरवर रात्रीचे सहा तास पुरतात. त्यासाठी थ्री-फेज जोडणी आणि वाढीव मंजूर भार हवा. हा अर्ज बसच्या ऑर्डरआधी करा. घाट उतरताना ब्रेकिंगमधून वीज परत मिळते, पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती घेणार कुठे? डेपो घाटमाथ्यावर असेल तर चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवा. चिपळूणसारख्या गावात चार्जरचा चौथरा २०२१ च्या पुराच्या रेषेपेक्षा उंच बांधा. कोकणातली बत्ती गूल होणं धरूनच चाला: दुपारच्या मोकळ्या वेळातही चार्जिंग करा.

खरी अडचण अनुदानाची. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या इलेक्ट्रिक वाहन योजनेतला बसचा पैसा सार्वजनिक परिवहन संस्थांसाठी आहे, शाळेच्या स्वतःच्या बससाठी नाही. अमेरिकेत मात्र २०२१ च्या कायद्याने फक्त शाळेच्या बससाठी पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर ठेवले.

पंप जवळ नसेल, तर आमचं मत बॅटरीला.