माकिवारा: जमिनीत गाडायचा की भिंतीवर ठोकायचा?

ओकिनावाचं कराटे 1922 मध्ये टोकियोत दाखवणारे गिचिन फुनाकोशी (1868–1957) यांच्या सरावात माकिवाराला, म्हणजे ठोसे मारायच्या गादी लावलेल्या फळीला, मोठं स्थान होतं. त्यांची शिस्त समजून घ्यायची तर पैसे भिंतीवरच्या गादीत घालू नका, जमिनीत गाडायचा खांबच घ्या. साधारण सात फुटांची फळी, पैकी दोन-अडीच फूट जमिनीत. बुडाशी तीन-साडेतीन इंच जाड, वर जेमतेम अर्धा-पाऊण इंच. सगळी करामत या निमुळतेपणात आहे! ठोसा बसला की फळी मागे झुकते आणि जितकी झुकते तितका तिचा उलटा रेटा वाढत जातो. भिंतीवरची गादी झुकतच नाही, सगळा हादरा मनगट आणि बोटांच्या सांध्यांत उतरतो. खांब घेतानाही टोक हाताने ढकलून पाहा. इंचभरही हललं नाही तर परत करा. गाठी असलेली फळी तिथेच तडकते. ठोसा बसतो तिथे गुंडाळलेली पेंढ्याची दोरी अस्सल खरी, पण कातडी सोलते. नवख्यांसाठी खांबावर चामड्याखाली रबर असलेली गादी उत्तम. ती छातीच्या उंचीवर हवी. सुरुवातीला प्रत्येक हाताचे दहा-वीस हलके ठोसे, तेही मुठीतल्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या सांध्यांवरच. सांधा सुजला तर सराव थांबवा.