आठ महिन्यांनंतर कार्बन ट्रायपॉड: हेड उत्तम, पण कॉलरनी जीव खाल्ला

चार सेक्शनचा कार्बन ट्रायपॉड आणि सोबत छोटं फ्लुइड हेड (दुर्बीण बसवून फिरवायचा वरचा भाग), मिळून ४६० डॉलर. वजन दीड किलोच्या आत, घडी करून सॅकच्या बाजूच्या कप्प्यात बसतो. बाकीचे स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ते परत लिहीत नाही. वापर एकाच कामाचा: त्यावर १५×५६ ची दुर्बीण (१५ पट मोठं दाखवणारी, ५६ मिमी भिंगांची) लावून फ्लोरीडा पर्वतात शिकारीसाठी आयबेक्स, म्हणजे डोंगरी रानबकरे, शोधायचे. आठ महिने झाले आणि आता एका पायाचा कॉलर (नळी घट्ट करायला पिळायचा लॉक) नुसता गोल फिरतोय, नळी काही घट्ट होत नाही. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर आलं की ही 'वापरातली झीज' आहे, वॉरंटीत बसत नाही. हे उत्तर मला मान्य नाही. का नाही ते खाली तपशिलात लिहिलंय.

आधी टॅगबद्दल, म्हणजे शिकारीच्या परवान्याबद्दल, थोडं, कारण त्याशिवाय एका ट्रायपॉडवर इतकं का लिहायचं ते कळणार नाही. फ्लोरीडा पर्वत म्हणजे फ्लोरिडा राज्य नव्हे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या दक्षिण टोकाला डेमिंग गावाजवळ ही डोंगररांग आहे, तिकडची माणसं नाव घेताना 'री' वर जोर देतात. १९७० साली राज्याच्या वन्यजीव खात्याने इथे इराणी आयबेक्स सोडले, आणि उभे कडे, ओसाड कपारी बघून ते इथलेच झाले. बंदुकीने कोणताही आयबेक्स मारण्याचा टॅग माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो. सोडतीत जुन्या अपयशाचे पॉइंट जमत नाहीत, त्यामुळे पंधरा वर्षं अर्ज करणारा आणि यंदा पहिल्यांदा करणारा एकाच रांगेत. मार्चमध्ये अर्ज, लायसन्सचे सगळे पैसे आधी भरायचे, निकाल एप्रिलच्या अखेरीस. नंबर लागला की हातात उरतात थोडे महिने. त्या महिन्यांत पाय तयार करायचे आणि डोळे तयार करायचे. पायांचं सगळे सांगतात. डोळ्यांचं काम ट्रायपॉडवर होतं.

लोक दुर्बिणीवर दीड-दोन हजार डॉलर घालतात आणि ट्रायपॉड घरातला जुना फोटोचा उचलतात. हे उलटं आहे. १५ पट मोठं दिसतं म्हणजे हाताची थरथरही १५ पट मोठी दिसते. हातात धरलेल्या १५×५६ पेक्षा ट्रायपॉडवरची साधी १०×४२ जास्त जनावरं दाखवते. समोरच्या उतारावर दीड किलोमीटरवर आयबेक्स बसलेला असतो, रंग खडकाचाच, हालचाल म्हणजे कान हलवणं किंवा मान वळवणं एवढीच. चित्र पूर्ण स्थिर असेल तरच ती हालचाल नजरेत भरते. चित्र स्वतःच हलत असेल तर कान हलला काय आणि नाही काय.

म्हणून हेडपासून सुरुवात करतो. ते खरंच छान आहे, मनापासून सांगतो. या कामाला बॉल हेड (गोळ्यावर सगळीकडे फिरणारं) नकोच. लॉक सैल केला की दुर्बीण नाक खाली करून पडते आणि शोधलेली जागा हातची जाते. फ्लुइड हेडला आडवी आणि उभी चाल वेगवेगळी मिळते. उतार शेतासारखा नांगरायचा: डावीकडून उजवीकडे एक पट्टा, मग अर्धं दृश्य खाली, मग उजवीकडून डावीकडे. १५ पटीच्या दुर्बिणीत दीड किलोमीटरवर साधारण ११५ मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. प्रत्येक तुकड्यावर थांबायचं, नजर आतल्या आत फिरवायची आणि मगच हेड सरकवायचं. सतत सरकवत राहिलात तर काहीच दिसत नाही. इथे ओकोटिलो या काटेरी वाळवंटी झुडपाच्या वाकड्या काठ्या हुबेहूब शिंगांसारख्या दिसतात. फरक असा की शिंगाची कमान जाडीकडून बारीक होत जाते, आणि प्रौढ नराच्या शिंगाच्या पुढच्या धारेवर अंतराअंतरावर उंचवटे असतात. तिरपं ऊन असेल तर ते उंचवटे वेगळे दिसतात. या हेडवर तेवढा वेळ एका जागी थांबता येतं, हेच त्याचं मोठेपण.

मात्र तोल नीट लावावा लागतो, आणि मॅन्युअलमध्ये त्याबद्दल एक ओळही नाही. दुर्बीण प्लेटवर (हेडवर मागेपुढे सरकणाऱ्या पट्टीवर) लावा, वर-खालीचा लॉक पूर्ण सोडा आणि हात काढा. पुढे झुकली तर प्लेट मागे सरकवा, मागे झुकली तर पुढे. पाच-सात मिलिमीटरचाच खेळ असतो. हात काढल्यावर दुर्बीण जिथल्या तिथे राहिली की खुणेसाठी प्लेटच्या कडेला मार्करने रेघ मारा. मग ड्रॅग (हेड फिरवताना जाणवणारा अडथळा) अगदी कमी ठेवूनही काम भागतं आणि एका बोटाने हेड फिरतं. तोल न लावता नुसता ड्रॅग आवळला तर हेड झटक्याने सुटतं आणि चित्र उडी मारतं. पहिल्या महिन्यात मी हेडला साडेतीन तारे दिले होते, ते याच अज्ञानातून. आता पाच.

दुर्बीण बसवायला बॉक्समध्ये एल आकाराचं प्लॅस्टिक मिसळलेलं ब्रॅकेट येतं. ते वापरू नका. वारा सुटला की ते झुलतं. दुर्बिणीच्या मधल्या बिजागरीच्या तोंडावर एक टोपण असतं, ते काढलं की आत आटे दिसतात. त्यात स्टड पिळून बसवायचा आणि खालच्या खांबात अडकवायचा. धातूचा खांब आणि स्टड वेगळे घेतले तर पन्नास-साठ डॉलर अंगावर पडतात. ४६० घेतल्यावर परत हे पैसे मागणं मला पटत नाही, पण झुलणं खरंच थांबतं. स्टड हातानेच घट्ट करा, पक्कड लावली तर बिजागरीतले आटे खराब होतात आणि ती दुरुस्ती ट्रायपॉडपेक्षा महाग पडते.

हेडवर प्लेट पकडणाऱ्या क्लॅम्पबद्दल एक सूचना. लीव्हरचा क्लॅम्प ज्या कंपनीचा, त्याच कंपनीच्या प्लेटला नीट धरतो. दुसऱ्या कंपनीची प्लेट केसभर अरुंद असली तरी लीव्हर बंद होतो आणि प्लेट मात्र सरकते. स्क्रूचा क्लॅम्प मागवून घ्या, तो केसभर कमी-जास्त रुंदीची प्लेटही धरतो. प्लेटच्या खालचे दोन छोटे थांबे-स्क्रू कुणी काढून ठेवले असतील तर परत लावा. दुर्बीण कड्यावरून गेली तर परत येत नाही.

आता कॉलर. या परीक्षणाचा मुख्य भाग हाच आहे, आणि थोडा लांबणार आहे.

चार सेक्शन म्हणजे एका पायाला तीन ट्विस्ट लॉक, म्हणजे कॉलर, तीन पायांचे मिळून नऊ. रोज पहाटे अंधारात नऊ उघडायचे, दिवसभरात पाच-सहा वेळा जागा बदलायची, संध्याकाळी नऊ बंद करायचे. फ्लोरीडा पर्वताच्या पायथ्याला ग्रॅनाइट झिजून झालेली भरड वाळू आहे, साखरेच्या दाण्याएवढी, धारदार. बसून बघताना पाय त्या वाळूत रोवले जातात. उठताना सवयीने आपण सगळ्यात खालची नळी सरळ आत ढकलतो आणि नळीला चिकटलेली वाळू थेट कॉलरच्या आत जाते. कंपनीने आत भरपूर ग्रीस भरलेलं आहे. ओलसर प्रदेशात ते ठीक असेल, इथे ते वाळूला धरून ठेवतं. दोन महिन्यांत कॉलर करकरायला लागतो, तिसऱ्या महिन्यात अडकतो.

अडकला की माणूस जोर लावतो आणि तिथेच घात होतो. वरच्या कार्बन नळीच्या खालच्या टोकाला आटे असलेली अॅल्युमिनियमची कडी चिकटवलेली असते, कॉलर त्या आट्यांवर फिरतो. कॉलर आट्यांत रुतला की हाताचा सगळा पीळ त्या कडीवर आणि तिच्या गोंदावर येतो. गोंद सुटतो, कडी नळीवर फिरायला लागते, आणि कॉलर कितीही पिळला तरी घट्ट होत नाही. माझ्या पायाला नेमकं हेच झालंय.

सर्व्हिसला मी हेच लिहून पाठवलं, फोटोसकट. वाळवंटातल्या वापरासाठी म्हणून विकलेल्या ट्रायपॉडचा गोंद वाळूच्या पिळाला टिकत नसेल, तर त्याला झीज कसं म्हणायचं? झीज रबरी पायांची होते, फोमची होते. सांधा सुटणं म्हणजे बनवण्यातली चूक. त्यावर उत्तर आलं की पाठवण्याचा खर्च तुमचा, तपासणीची फी वेगळी, आणि वेळ सहा आठवडे. सीझन तोंडावर असताना सहा आठवडे कुणाकडे असतात?

इथे माझं मत थोडं बदललं, तेही लिहायला हवं. कडी काढून बघितली तर गोंदाचा थर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नव्हताच. ही चूक कंपनीची. पण दुसरं कारणही असावं. अॅल्युमिनियम उन्हात फुगतं, कार्बन नळी जवळपास फुगत नाही. बंद गाडीत उन्हाळ्यात ६० अंशांच्या वर तापमान जातं, तिथे ट्रायपॉड दिवसभर पडून राहिला की दर वेळी त्या गोंदावर ताण येतो, आणि गरम झालेला इपॉक्सी मऊही पडतो. म्हणजे ट्रायपॉड गाडीत तापत ठेवणाऱ्याचाही यात वाटा आहे. तेव्हापासून तो सॅकसोबत घरात येतो.

दुरुस्ती घरी होते, सात-आठ डॉलरमध्ये. कडी ओढून काढा. जुना गोंद १२० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंनी खरवडा. कार्बनची भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून पाण्यात भिजवून घासा आणि मास्क लावा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. दोन भागांचा, सावकाश सेट होणारा इपॉक्सी घ्या, पाच मिनिटांवाला नको, तो उन्हात लवकर हार मानतो. पातळ थर दोन्हीकडे लावा, कडी गोल फिरवत बसवा म्हणजे थर सगळीकडे सारखा होतो आणि धातू थेट कार्बनला लागत नाही. आट्यांवर आलेला गोंद लगेच पुसा. २४ तास उभं ठेवा, त्याआधी कॉलर लावून बघायचा मोह टाळा.

आणि हे सगळं टाळायचं असेल तर दर मोहिमेनंतर सफाई. एका वेळी एकच पाय उघडा. कॉलर पूर्ण सोडा, नळी ओढून काढा. नळीच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या दोन अर्ध्या चकत्या असतात, त्यांची दिशा आणि बाजू फोनवर फोटो काढून ठेवा, उलट्या बसल्या तर लॉक धरत नाही. आटे जुन्या टूथब्रशने, नळी सुती कापडाने. चकत्या कोरड्याच ठेवा, त्यांचं काम पकडायचं आहे, त्यांना ग्रीस लावलं की भरलेल्या सॅकच्या वजनाने पाय हळूहळू खाली बसतो. कंपनीचं ग्रीस आट्यांवरून पूर्ण पुसून टाका आणि तांदळाच्या दाण्याएवढंच नवं लावा. फवारणीचं तेल मारू नका, तेही वाळू धरतं. डोंगरात असताना एकच नियम: खालची नळी तीन-चार सेंटिमीटर बाहेर ठेवूनच रोवायची म्हणजे कॉलर वाळूला टेकत नाही, आणि आत ढकलण्याआधी नळीवरून कापड फिरवायचं. दहा सेकंदांचं काम आहे. हा नियम लागू केल्यापासून उरलेले आठ कॉलर एकदाही करकरलेले नाहीत.

वाऱ्याबद्दल. सगळ्यात बारीक नळ्या सगळ्यात शेवटी उघडा. बसून बघायला डोळ्याची उंची पाऊण मीटरच्या आसपास लागते, तेवढी वरच्या जाड नळ्यांतच मिळते. मधला खांब वर काढू नका. पायांचा कोन दुसऱ्या खाचेवर ठेवा आणि हुकला सॅक टांगा, पण सॅकचं बूड जमिनीला टेकलेलं हवं. अधांतरी सॅक वाऱ्यात झोके घेते आणि तीच चित्र हलवते. याच ट्रायपॉडवर रायफल टेकवून सराव करता येतो असं जाहिरातीत आहे. पाय त्यासाठी बारीक आहेत, त्या कामाला घेऊ नका. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) मात्र याच्यावर जरूर लावा. इथले उतार इतके उभे की कोनाचा हिशोब करावाच लागतो: थेट अंतर ४०० मीटर आणि कोन ३० अंश असेल तर नेम ३४६ मीटरचा धरायचा. हातात धरलेल्या रेंजफाइंडरचा किरण जनावराऐवजी मागच्या कड्यावर पडतो आणि आकडा चुकतो.

सूर्य पाठीशी ठेवा. रांगेच्या पश्चिम अंगाकडून सकाळी बघणं म्हणजे उन्हात डोळे घालणं. सकाळी पूर्वेकडून, दुपारनंतर पश्चिमेकडून. जमीन तापून हवा लहरायला लागली की १५ पटीची दुर्बीण काढून १०×४२ लावा, कारण लहरीही तेवढ्याच मोठ्या दिसतात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आयबेक्सच्या शिकारीचा प्रश्नच संपवला, आणि ते योग्यच झालं. पण स्पितीत किब्बरला आयबेक्स आणि हिमबिबट्या बघायला हिवाळ्यात जाणारे मराठी लोक आता बरेच आहेत, आणि त्यांना हेच हेड आणि हेच पाय लागतात. तिथे वाळूच्या जागी भुसभुशीत बर्फ असतो. नळीला चिकटलेला बर्फ कॉलरमध्ये गेला, खोलीच्या उबेत वितळला आणि पहाटे परत गोठला की लॉक दगड होतो. अशा वेळी जोर लावू नका, वर लिहिलेला गोंदाचा घात तिथेही होतो. रात्री नऊही कॉलर सैल सोडून, नळ्या बाहेर ओढून, ट्रायपॉड चुलीपासून लांब आडवा ठेवा. हेडमधलं द्रव थंडीत जड होतं, म्हणून ड्रॅग आदल्या रात्रीच शून्यावर आणून ठेवा.

हेडला पाच तारे, पायांना दोन, सर्व्हिसला एकही नाही. नवा घेणार असाल तर तीन सेक्शनचा बघा. घडी थोडी लांब होते, पण कॉलर सहाच.