स्वबळ की युती?

महाराष्ट्रात विधानसभा जवळ आली की कार्यकर्त्यांत हाच वाद पेटतो. भाजपचेच आकडे बघा. २०१४ला शिवसेनेशी युती तुटली, तरी १२२ जागा आल्या. २०१९ला युतीत १०५. २०२४ला महायुतीत १३२, बहुमताला १४५ लागतात.

स्वबळावर लढलं की पक्षाचं चिन्ह गावोगाव पोचतं, वर्षानुवर्षं सतरंज्या उचलणाऱ्यालाही तिकिटाची आशा राहते. युतीत तीच जागा मित्रपक्षाला सुटली, की तो बंडखोरी करतो किंवा मतदानाच्या दिवशी बूथवर फिरकतच नाही. हे दुखणं नेत्यांनी हलक्यात घेऊ नये. तरीही मला युतीच बरी वाटते. चौरंगी लढतीत मतं फुटली तर निकाल कुठेही जातो. फक्त जागावाटप अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नका.