मालवणचं ‘वन डे कोस्टल पॅकेज’ घेण्याआधी हे वाचा

मालवण-तारकर्लीचा सीझन सुरू झाला की फेसबुकवर जाहिराती दिसायला लागतात: ‘गाइडसह एक दिवसाची किनारा सफर – सिंधुदुर्ग किल्ला, स्कुबा, डॉल्फिन, निवती, त्सुनामी आयलंड, जेवणासकट माणशी अडीच हजार.’ आम्ही पुण्याहून सहकुटुंब गेलो होतो. अर्धे पैसे जीपेवर आगाऊ, बाकीचे सकाळी गाडीत बसायच्या आधी रोख. पावती मागितली तर ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय की सगळं’ असं पॅकेज विकणारा म्हणाला.

गाइड म्हणून आलेला मुलगा देवबागला आम्हाला होडीत बसवून गायब झाला. डॉल्फिन दिसले, भोगव्याचा किनारा लांबूनच दाखवला आणि होडी परत वळली. निवतीचं काय, विचारलं तर होडीवाले काका शांतपणे म्हणाले, “तेणां आमका तीनच पॉइंटचे पैशे दिल्यान.” त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. होडी त्यांची, डिझेल त्यांचं, आणि आमच्या पैशातला मोठा वाटा मधल्याच्या खिशात. त्या माणसाकडे ना स्वतःची होडी होती ना डायव्हर, होता फक्त एक मोबाइल नंबर.

स्कुबाचा प्रकार तर ऐकाच. आठ-दहा जणांना एका बोटीत कोंबलं, पाण्यात एकेकाला जेमतेम काही मिनिटं. डायव्हर मागून सिलिंडर धरून खाली दाबतो, पावाचा तुकडा सोडतो, मासे जमतात, दोन फोटो, वर. ‘व्हिडिओ फ्री’ होता तो वर आल्यावर पाचशे रुपयांचा झाला. तोही दिला. रात्री खोलीवर पाहिला तर सुरुवातीला मी, आणि पुढे प्रवाळाजवळ पोहणाऱ्या माणसाच्या मनगटावर लाल दोरा. मी दोरा बांधत नाही. मेव्हण्याच्या व्हिडिओतही तोच लाल दोरा, तेच प्रवाळ, तोच पिवळ्या पट्ट्यांचा मासा!

हे सगळं एक वेळ हसून सोडलं असतं, पण किल्ला गाळला तो राग अजून आहे. आईला शिवराजेश्वराचं देऊळ आणि महाराजांच्या हातापायाचे ठसे बघायचे होते, बाकी कशात तिला रस नव्हता. ‘भरती आहे, किल्ल्याच्या होड्या बंद’ असं सांगून आम्हाला एका ठरलेल्या खानावळीत नेऊन बसवलं. सुरमईची थाळी पॅकेजमध्ये नाही, हे बिल आल्यावर कळलं. शेजारच्या टेबलावरचे लोक तासाभरापूर्वीच किल्ला बघून आले होते. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन सरळ मालवण जेटीवर गेलो, रांगेत तिकीट काढलं आणि थोड्याच वेळात किल्ल्याच्या दारात उतरलो. त्याला ना गाइड लागला ना पॅकेज.

तेव्हा जाणार असाल तर जिथे उतराल त्या घराच्या मालकांना विचारा, ते ओळखीच्या होडीवाल्याशी थेट बोलून देतात. पॉइंट नावानिशी ठरवा आणि पैसे उतरल्यावर द्या. होडीवर नोंदणी क्रमांक नसेल, सगळ्यांना पुरतील एवढी लाइफ जॅकेटं नसतील किंवा माणसं जास्त भरत असतील, तर चढूच नका. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कुबाची बोट उलटून दोन पर्यटक गेले, हे विसरू नका. जून ते ऑगस्ट समुद्रातलं हे सगळं बंद असतं, त्या काळातलं बुकिंग कोणी घेत असेल तर समजून जा. आणि पैसे घेऊन नंबर बंद झालाच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा. जितका उशीर कराल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात सरकते. माल-सेवेच्या तक्रारीला ग्राहक हेल्पलाइन 1915.

आमची तक्रार नोंदवलीय, पैसे अजून आलेले नाहीत. त्या नंबरावरचं नाव मात्र बदललंय, फोटोही नवा आहे, आणि त्याच पॅकेजला आता माणशी एकोणीसशे नव्व्याण्णव लावलेत.