महिना साठ रुपये, बाकीचे पैसे कुठून? लालबागमधल्या एका वाचनालयाचा अभिप्राय

वाचनालयाचं नाव लिहीत नाही. कार्यकारिणीतले निम्मे लोक मला मंडईत भाजी घेताना भेटतात आणि खाली दोनचार टोचणाऱ्या गोष्टी लिहायच्या आहेत. लालबाग-परळच्या मधल्या गल्लीत, तळमजल्यावर, बाहेर वर्तमानपत्रांचा उतरता लाकडी फळा. एवढ्यावर ओळखणारे ओळखतील.

गिरणी कामगारांच्या पतपेढीत मी हिशेबनीस होते. त्यामुळे सभासद झाल्या झाल्या कादंबऱ्यांच्या कपाटाकडे न वळता मी वार्षिक अहवाल मागितला. ग्रंथपाल ताईंनी दोनदा विचारलं, "अहवालच ना?" मग वरच्या फळीवरून काढून दिला. आत ताळेबंद, जमाखर्च पत्रक, लेखापरीक्षकाची सही, सगळं जागेवर. इथेच माझे निम्मे गुण देऊन झाले. मागितल्याबरोबर हिशेब हातात ठेवणाऱ्या संस्था मी नोकरीत फार पाहिल्या नाहीत.

सभासदाला लागणारी माहिती आधी. एक पुस्तक आणि एक मासिक असा महिना साठ रुपये, अनामत पाचशे. सकाळी साडेआठ ते अकरा, संध्याकाळी साडेचार ते आठ. कथा-कादंबऱ्या भरपूर, चरित्रं उत्तम, कविता एका कपाटात कोंबलेल्या. गिरणगावच्या इतिहासाचं वेगळं कपाट आहे, त्यासाठी लांबून लोक येतात. नवी पुस्तकं येतात, पण गाजलेल्या पुस्तकासाठी महिनाभर नंबर लावावा लागतो.

आता साठ रुपयांचं. या वर्गणीत वीज आणि वर्तमानपत्रांचं बिल निघतं, बाकी काही निघत नाही. मग पगार, पुस्तकखरेदी, बाइंडिंग, वाळवीची फवारणी कशातून होते? आपल्याकडे बहुतेकांची समजूत अशी की वाचनालय म्हणजे सरकारी काम. तसं नाही. मद्रास प्रांतानं १९४८ साली कायदा करून मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला, तो तमिळनाडूत आजही आहे. आपला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा, आणि त्यात उपकर नाही. आपली रीत अशी, की लोकांनी संस्था काढायची, नोंदवायची, चालवून दाखवायची, मग शासन तपासणी करून अ, ब, क, ड यांपैकी वर्ग देणार आणि त्या वर्गाप्रमाणे परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायच्या खर्चाला मदत, देणार. त्यातला निम्मा भाग पगाराचा, निम्मा बाकी सगळ्याचा. २०२२ साली हे अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं गेलं, तेव्हा इथे पेढे वाटले होते. तरीही अहवालातला पगाराचा आकडा बघून सांगते, आमच्या सोसायटीच्या वॉचमनला ताईंपेक्षा जास्त मिळतात. शिवाय अनुदान हप्त्यानं येतं आणि विजेचं बिल दर महिन्याला.

शासनाकडून दुसरी एक वाट आहे, ती पुस्तकांची. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून आहे. राज्य आपला वाटा घालतं, प्रतिष्ठान आपला, आणि त्यातून घेतलेली पुस्तकं ग्रंथालयांना मिळतात. याला समान निधी योजना म्हणतात. त्या शिक्क्याची पुस्तकं इथे ओळीनं उभी आहेत. काही चांगली आहेत. काहींच्या तारीखचिठ्ठीवर मात्र अजून एकही तारीख पडलेली नाही. दुसऱ्यानं निवडून दिलेल्या पुस्तकांचं असंच व्हायचं.

म्हणून मला या वाचनालयाची खरी कमाई वाटते ती दिवाळी अंकांची योजना. तीनशे रुपये एकदा भरायचे आणि मार्चअखेरपर्यंत एकेक करून हवे तेवढे अंक वाचायचे. बाजारात एकच अंक आता तीनशे-चारशेला जातो, तेव्हा गिऱ्हाइकाचा फायदा उघड आहे. वाचनालयाचा फायदा समजायला जरा हिशेबाची नजर लागते. नोंदणी दसऱ्याला सुरू होते, म्हणजे पैसे आधी येतात आणि अंक मग. अंकांसाठी गंगाजळीला हात लावावा लागत नाही. वितरकाकडून सवलत मिळते, आणि एप्रिलमध्ये वाचून झालेले अंक निम्म्या किमतीत विकले जातात; तेही घ्यायला रांग असते. याहून मोठी गोष्ट म्हणजे, वर्षभर इकडे न फिरकणारा माणूस चार महिने दर आठवड्याला उंबरा ओलांडतो. त्यातले काही एप्रिलनंतरही येत राहतात. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं पहिला दिवाळी अंक काढला. त्या प्रथेवर मुंबईतली किती वाचनालयं तगून आहेत, याचा विचार अंक काढणाऱ्यांनी कधी केला असेल की नाही कोण जाणे.

धनत्रयोदशीच्या आसपास गेलात तर तात्यांना काम करताना बघा. तात्या म्हणजे इथले शिपाई, बाइंडर आणि प्रसंगी इलेक्ट्रिशियन. नवा कोरा अंक घेतात, पाठीला जाड पुठ्ठा लावतात, दाभणानं तीन भोकं पाडून दोरा ओढून गाठ मारतात, वरून खळ लावलेली कापडी पट्टी बसवतात. मग शिक्के. एक पहिल्या पानावर, एक शेवटच्या, आणि एक आतल्या ठरलेल्या पानावर. आतल्या पानाचा आकडा इथे सांगत नाही, कारण अंक ढापणारा शिक्क्याचं पहिलं पान फाडतो आणि निर्धास्त होतो. एवढा सोपस्कार झाल्यावरच तो अंक मार्चपर्यंत शेकडो हातांत टिकतो. तात्यांच्या टेबलाशी कुणी घाई केली तर ते फक्त चष्म्यावरून बघतात.

देणग्यांची तऱ्हा निराळी. प्रत्येक कपाटावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं रंगवलेलं. विषयाची पाटी लहान, देणगीदाराचं नाव मोठं. इतिहास शोधताना तुम्ही आधी कुणाच्या तरी आजोबांना भेटता. पंख्याच्या पात्यांवरही नावं आहेत. पंखा बंद असला तरच दाता वाचता येतो. मी हसते खरी, पण कपाटं आली ती यातूनच. पगारासाठी आणि फवारणीसाठी मात्र कोणी नाव लावत नाही, कारण पगारावर नाव रंगवता येत नाही. कार्यकारिणीनं यावर चांगला उपाय काढलाय. वाढदिवसाला किंवा पुण्यतिथीला 'एक दिवस वाचनालय चालवा' म्हणून ठरावीक रक्कम घेतात आणि त्या दिवशी बाहेरच्या फळ्यावर खडूनं नाव लिहितात. दुसऱ्या दिवशी पुसतात. फळा एक, दिवस तीनशे पासष्ट. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला माझा नमस्कार.

कराची सवलत विचारणाऱ्यांसाठी, संस्थेला देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता आहे, १९६१ च्या आयकर कायद्यातली ८०जी. पण दोन हजारांच्या वर रोख दिलीत तर वजावट मिळत नाही, चेकनं किंवा यूपीआयनं द्या. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मुळातच नाही. आणि पावतीवर थांबू नका. संस्थेनं आयकर खात्याला विवरण भरून तुम्हाला देणगीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, ते मागून घ्या. इथे जूनमध्ये न मागता मिळालं.

जुनी पुस्तकं 'दान' करायला येणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. माझ्यासमोर एक गृहस्थ टॅक्सीतून तीन पिशव्या घेऊन उतरले. घर रिकामं करायचं होतं, इमारत पुनर्विकासाला जाणार होती. पिशव्यांत प्रवेश परीक्षांची जुनी गाइडं, पाठ नसलेल्या कादंबऱ्या, कुठल्याशा कंपनीच्या डायऱ्या, आणि मधेच पाचसहा खरोखर सुरेख जुनी प्रवासवर्णनं. ताईंनी सगळी टेबलावर मांडली, हवी ती बाजूला काढली आणि म्हणाल्या, "काका, ही आम्ही ठेवतो. बाकीची रद्दीवाल्याला द्या, आणि जे पैसे येतील ते या पुस्तकांच्या बाइंडिंगला द्या." काका आधी चिडले, "फुकट देतोय तर!" म्हणाले. मग ताईंनी शांतपणे सांगितलं, की प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंद करायची, क्रमांक घालायचा, बाइंडिंग करायचं, त्याला जागा द्यायची. लालबागमध्ये फूटभर फळी कितीला पडते ते तुम्हाला ठाऊक आहे. काकांनी पाचशेची नोट काढली. आता यांनी नियमच केलाय, आधी यादी व्हॉट्सअॅपवर पाठवायची. माझ्या मते प्रत्येक वाचनालयानं करावा.

मोठ्या देणग्या कुठे जातात, तेही बघू. काळ्या घोड्याजवळच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत १८७० ची. खर्च सव्वा लाख, त्यातले साठ हजार ससून यांनी दिले आणि उरलेले मुंबई इलाख्याच्या सरकारनं घातले. म्हणजे धनिकानं सुरुवात करायची आणि सरकारनं भर घालायची, हे गणित तेव्हाही होतं. अलीकडे तिथे जीर्णोद्धार झाला, उद्योगसमूहांच्या प्रतिष्ठानांनी पैसा दिला, २०२३ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली. बघून या, डोळे निवतात. आमच्या वाचनालयाला पिवळ्या दगडाच्या कमानी नाहीत, गळका पन्हाळ आहे, त्याचा फोटो काढायला कुणी येत नाही. पण २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्यातला काही भाग समाजाच्या कामांवर खर्चावा लागतो, त्या कामांच्या यादीत, म्हणजे सातव्या अनुसूचीत, 'सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी' स्पष्ट लिहिलेली आहे, आणि लोअर परळच्या काचेच्या इमारतींत कंपन्यांची कार्यालयं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. ज्या जमिनीवर गिरण्या होत्या तिथेच. कार्यकारिणीनं एकीकडे अर्ज केला आणि मुलांच्या विभागासाठी पुस्तकं मिळवली, इंग्रजीसुद्धा. यावर सभेत वाद झाला. माझं मत मुलांच्या बाजूचं: नातवंडं इंग्रजी पुस्तकासाठी आली तर आजीच्या हातातलं मराठी पुस्तक तरी बघतील.

अभ्यासिका वर, पोटमाळ्यावर. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली महिन्याला वेगळे पैसे भरून बसतात. टेबलं एका गणेशोत्सव मंडळानं दिली. घरात दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असली की ही जागा काय असते ते इथल्यांना सांगायला नको. पण याच ठिकाणी पहिली टोचणी. अभ्यासिकेचा वरकड पैसा खाली वाचनालयात वापरला जातो, आणि वर स्वच्छतागृह एकच, तेही बहुतेक वेळा तुंबलेलं. ज्यांच्याकडून कमावता त्यांच्यावर आधी खर्च करा.

दुसरी, वेळेची. आठला कुलूप. करी रोड किंवा चिंचपोकळीला साडेआठला उतरणाऱ्या नोकरदारानं काय करायचं? आठवड्यात दोन दिवस साडेनऊपर्यंत उघडं ठेवलं तर तरुण सभासद वाढतील. तरुण वाढले नाहीत तर वर्गणी, देणगी, सभा, कशालाच पुढे माणूस उरणार नाही.

तिसरी माझ्या धंद्यातली आहे. आजीव सभासदांकडून एकदाच घेतलेली रक्कम ही त्या वर्षाची कमाई नाही. ती कायम निधीत ठेवायची आणि फक्त व्याज खर्चायचं. काही जुन्या वर्षांत ती सरळ जमेत धरून खर्चलेली दिसते. तेव्हा अडीचशे रुपये भरलेले लोक आजही हक्कानं नवी कादंबरी पहिली मागतात, आणि त्यांच्या अडीचशेचं व्याज कुठेच नाही. अनामत तर सभासदाचंच देणं, ती बँकेत स्वतंत्र ठेवली आहे हे मात्र चांगलं.

वार्षिक सर्वसाधारण सभेलाही गेले. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली, मग त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर, तेवढ्याच माणसांत नियमाप्रमाणे पुन्हा भरली. सगळीकडे अशीच भरते. मी उभी राहून वर्गणी साठची शंभर करा म्हटलं. एका सद्गृहस्थांनी विरोध केला, गरीब वाचक तुटेल म्हणून. त्यांना दिलेलं उत्तर इथेही देते. शंभर करा आणि ज्याला जमत नाही त्याला साठातच द्या, न विचारता. शंभर देऊ शकणारे साठ देतात, तेव्हा फरक ताईंच्या पगारातून जातो. ठराव पुढच्या सभेवर गेला आहे. सभासदांनी यावं, मत द्यावं. वर्गणी भरण्याइतकंच तेही लागतं.

पाचपैकी चार तारे. स्वच्छतागृह दुरुस्त झालं की साडेचार.

नाव नोंदवायचं असेल तर गुरुवार सोडून जा, त्या दिवशी बंद असतं. आधार कार्डाची प्रत, दोन फोटो आणि सुटे पैसे न्या. यूपीआयचा फलक आहे, पण आत रेंज येत नाही, बाहेर पायरीवर उभं राहून भरावे लागतात. दिवाळी अंकांसाठी दसऱ्याच्या आठवड्यातच पैसे भरा, नंतर चांगले अंक पहिल्या फेरीत हाती लागत नाहीत.